‘ओ माय गॉड’ नेमकं कोणाला लागतं?

गौतम बुद्ध एकदा मोठ्या सभेत प्रवचन करत असताना शिंकले. भिक्खूंनी एकच गलका केला, ‘भगवान चिरंजीव होवोत!’ त्या गोंगाटात प्रवचन मध्येच थांबलं. बुद्धांनी विचारलं, कोणी शिंकल्यावर ‘जगा’ म्हटलं म्हणून तो माणूस त्यामुळे जगतो का, किंवा मरतो का? भिक्खू म्हणाले, नाही. मग म्हणू नका, असं सांगून त्यांनी ती प्रथा बंद केली. पुढची गंमत अशी, की भिक्खू शिंकले की गावातले लोक ‘जगा, भंते’ म्हणायचे आणि नियमाला जागणारे भिक्खू गप्प राहायचे. लोक रागावले. आम्ही चांगलं चिंतायचं आणि यांनी साधं उत्तरही द्यायचं नाही? तक्रार बुद्धांपर्यंत गेली. संसारी माणसांना शुभ-अशुभाचं फार असतं, असं म्हणून त्यांनी भिक्खूंना ‘चिरंजीव व्हा’ असं उत्तर द्यायची परवानगी दिली.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात ही हकीकत आहे. कामाच्या ठिकाणी कुठले शब्द वापरावेत, यावरची धोरणं हल्ली कंपन्यांच्या वेबसाइटवर असतात, पण या हकीकतीइतकं नेमकं धोरण मी तरी वाचलेलं नाही. त्या शब्दांनी जगात काहीही घडत नाही, हे बुद्धांनी आधी मान्य करून घेतलं. ते शब्द माणसांच्या दृष्टीने मात्र रिकामे नाहीत, हे नंतर मान्य केलं.

तुमच्या-माझ्या ऑफिसांत आज पाच-सहा धर्मांचे आणि कुठल्याच धर्माचे नसलेले लोक एका टेबलाभोवती बसतात. तिथे दिवसभरात ‘ओ माय गॉड’, ‘ब्लेस यू’, ‘थँक गॉड’, ‘जीझस’, ‘इन्शाल्ला’, ‘होली काऊ’ असे किती शब्द उडतात ते एकदा मोजून बघा. यातल्या कशाने कोणी दुखावतं का? मित्रमंडळींत हा विषय निघाला की दोनच उत्तरं येतात. एक, ‘हल्ली लोकांना काहीही लागतं.’ दुसरं, ‘मग ऑफिसात देवाधर्माचा शब्दच काढू नये.’ भाषाशास्त्र आणि मानसशास्त्र यांचं या बाबतीत जे काही काम झालंय ते पाहिलं, तर दोन्ही उत्तरं टिकत नाहीत. माझं स्वतःचं काम पेशीजीवशास्त्रात आहे, त्यामुळे हा विषय मी शेजारच्या घरात डोकावल्यासारखा वाचलाय. पण तो परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या फार जवळचा आहे.

आधी दुसऱ्या उत्तराचं पाहू. देवाधर्मातून आलेले सगळे शब्द वगळायचे ठरवले, तर आपल्याला तोंड उघडता येणार नाही. इंग्रजीतलं ‘गुडबाय’ म्हणजे ‘गॉड बी विथ यी’ या वाक्याचा सोळाव्या शतकात झालेला चुरा आहे. ‘थर्सडे’ हा थॉर देवाचा वार आणि आपला गुरुवार बृहस्पतीचा. क्वेकर पंथाच्या लोकांना हे खरोखरच खटकलं होतं. परक्या देवांची नावं नकोत म्हणून ते वारांना ‘पहिला दिवस’, ‘दुसरा दिवस’ म्हणू लागले. स्पेनमधली कॅथलिक आजी ‘तसं होऊ दे गं बाई’ या अर्थाने ‘ओहाला’ म्हणते, तेव्हा ती ‘अल्लाची इच्छा असेल तर’ अशा धाटणीच्या अरबी शब्दांचा उच्चार करत असते. आणि आपण? ‘इमान’ हा अरबी शब्द मुळात इस्लामवरच्या श्रद्धेसाठीचा, पण इमानेइतबारे नोकरी करणाऱ्या कुणालाही मराठीत तो चालतो, घरच्या कुत्र्यालाही चालतो. ‘तोबा’ म्हणजे पापाचा पश्चात्ताप, पण आपल्याकडे तोबा गर्दी होते. ‘हराम’ म्हणजे धर्माने निषिद्ध, आणि हरामखोर ही शिवी देणाऱ्याला त्यातला धर्म आठवतही नाही. कुणाला कामावरून काढलं तर आपण त्याला नारळ देतो, नकार दिला तर वाटाण्याच्या अक्षता लावतो, आणि प्रोजेक्ट रखडत रखडत एकदाचा संपला की गंगेत घोडं न्हाऊन घेतो. एखाद्या अहवालात ‘काही राम नाही’ असं म्हणणारा माणूस रामायणाबद्दल काहीही बोलत नसतो.

शब्दाचा मूळ अर्थ असा उडून जाण्याला भाषाशास्त्रात ‘सिमँटिक ब्लीचिंग’ म्हणतात. मराठीत ‘अर्थ विटणे’ म्हणायला हरकत नाही. कापडाचा रंग विटतो तसा. ही प्रक्रिया साधारण एकाच वाटेने जाते. एखादी शब्दांची जोडणी फार वेळा, ठरावीक प्रसंगी वापरली जाते. मग ती सुट्या शब्दांची न राहता अख्खी एक चीज म्हणून डोक्यात साठवली जाते. उच्चार झिजतो (‘गॉड बी विथ यी’चं ‘बाय’ होईपर्यंत). आणि अर्थाच्या जागी काम उरतं. निरोप घेणं, आश्चर्य दाखवणं, दीर्घ सुस्कारा टाकणं, एवढंच ते काम. ‘ओ माय गॉड’ हे बहुतेकांच्या तोंडी आता वाक्यही नाही. ते ‘अय्या’ किंवा ‘बापरे’च्या जातीचं उद्गारवाचक झालंय. तसं पाहिलं तर ‘बापरे’मध्येही कोणाचा बाप नसतो.

ही ‘अख्खी साठवण’ केवळ भाषाशास्त्रज्ञांची कल्पना नाही. मेंदूच्या आजारात ती उघडी पडते. फ्रेंच कवी शार्ल बोदलेअर यांना १८६६ मध्ये बेल्जियममध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. शब्दांशी आयुष्य घालवलेल्या या माणसाच्या तोंडून पुढे जवळजवळ एकच उद्गार निघायचा, ‘क्रे नों!’ म्हणजे ‘साक्रे नों’, ‘पवित्र नाम’ या अर्थाची फ्रेंचमधली जुनी शपथ, वैतागल्यावर तोंडून निघणारी. इंग्लंडमधले मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी त्याच सुमारास असे रुग्ण बारकाईने पाहिले. नवं वाक्य जुळवून बोलणं वेगळं आणि आपोआप तोंडातून निसटणारे उद्गार, शिव्या, शपथा वेगळ्या. डाव्या मेंदूला मोठी इजा झाली तरी दुसरा प्रकार पुष्कळदा शाबूत राहतो, असं त्यांनी मांडलं. ही विभागणी आजही वापरात आहे. म्हणजे ‘जीझस!’ असं कोणी ओरडतं तेव्हा त्याने येशूबद्दल विधान केलेलं नसतं, हे खरंच आहे. त्याच्या मेंदूने विधान जुळवण्याचा खटाटोपच केलेला नसतो.

इथवर पहिल्या उत्तराची बाजू भक्कम वाटेल. शब्द विटलाय, अर्थ उरलेला नाही, मग लागून घेण्यासारखं काय आहे?

पण बोदलेअर यांना ब्रसेल्समध्ये ज्या रुग्णालयात ठेवलं होतं ते जोगिणींचं, म्हणजे नन्सचं होतं. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या त्या बायकांना दिवसभर ‘क्रे नों’ ऐकावं लागत होतं आणि त्यांना ते सहन होईना. बोलणाऱ्याच्या लेखी तो आवाज होता, ऐकणाऱ्यांच्या लेखी ती देवाच्या नावाची विटंबना होती. माझ्या मते सगळा प्रश्न या एका प्रसंगात आहे. शब्द विटतो तो सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी, सारखाच विटत नाही. त्याचा मूळ अर्थ ज्याला रोज लागतो, जो तेच नाव सकाळी प्रार्थनेत घेतो, त्याच्यापाशी तो जवळजवळ कोराच राहतो. आणि कुठला शब्द किती विटलाय हे आपण आपल्याच कानांनी ठरवतो, कारण दुसरे कान आपल्याकडे नसतात.

यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेत तर देवाचं नाव वृथा घेऊ नये अशी दहा आज्ञांपैकीच एक आज्ञा आहे. आपल्याकडे उलट, नाव कशाही निमित्ताने घेतलं तरी पुण्यच. अजामिळाने मरताना ‘नारायण’ म्हणून मुलाला हाक मारली आणि तो तरून गेला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. जांभई देतानाही ‘हरी हरी’ म्हणणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला नामाचा उच्चार हाच गुन्हा असू शकतो, हे समजायला वेळ लागतो. इंग्लंडमध्ये मात्र १६०६ साली कायदाच झाला, की नाटकात थट्टेने देवाचं, येशूचं नाव घेतलं तर १० पौंड दंड. त्या काळी ही रक्कम जबर होती. लोकांनी पळवाटाही काढल्या. ‘गॉड्स वून्ड्स’चं ‘झाउंड्स’ झालं. ‘गॉश’, ‘गॉली’, ‘जीझ’, ‘हेक’ हे आज निरुपद्रवी वाटणारे शब्द अशाच पळवाटा आहेत. नाव घ्यायला निघायचं आणि ओठांवर वळण घ्यायचं. शेजारच्या टेबलावरची बाई ‘ओ माय गॉश’ म्हणत असेल, तर ती कदाचित तुमच्या नकळत तुम्हाला काहीतरी सांगत असते. तिच्या लेखी ‘गॉड’ अजून विटलेला नाही.

क्युबेकमध्ये हे आणखी गमतीदार आहे. तिथल्या फ्रेंचमधल्या सगळ्यात जहाल शिव्या चर्चच्या सामानातून आल्या आहेत. ‘ताबार्नाक’ म्हणजे वेदीवरची पवित्र पेटी, ‘कालिस’ म्हणजे चषक, ‘ओस्ती’ म्हणजे प्रसादाची पातळ भाकर. तेच शब्द फ्रान्समधल्या माणसाला सांगितले तर तो हसतो. भाषा एक, धर्म एक, आणि तरी अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर शिवी आणि दुसऱ्यावर पूजेची भांडी.

आता आपल्याविषयी. आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी शाळेत किंवा त्यानंतर कमावली. बोस्टनमध्ये राहणाऱ्या, तुर्की मातृभाषा असलेल्या लोकांवर कॅथरिन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजली. मनावर ताण आला की तळव्यांना, बोटांना किंचित घाम सुटतो आणि वाहकता वाढते. ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे ‘मला काही वाटत नाही’ असं तोंडाने म्हटलं तरी बोटं खरं बोलतात. मग त्यांना दोन्ही भाषांतले साधे शब्द, निषिद्ध शब्द, आणि लहानपणी घरात ओरडताना वापरतात तशी वाक्यं ऐकवली. निषिद्ध शब्दांना मातृभाषेत प्रतिसाद जास्त होता, आणि ‘लाज नाही वाटत?’ छापाच्या दटावणीला तर मातृभाषेत जोरदार, इंग्रजीत अगदीच फिका. जाँ-मार्क द्वेल यांनी हजाराहून जास्त बहुभाषिकांना प्रश्नावली देऊन जे गोळा केलं, तेही याच दिशेचं आहे. शिवीची धार पहिल्या भाषेत सगळ्यात जास्त, उशिरा शिकलेल्या भाषेत बोथट.

कारण समजायला अवघड नाही. आईने ज्या शब्दासाठी तोंडावर चापट मारली, तो शब्द भीतीसकट साठवला गेला. ‘जीझस ख्राइस्ट’ या शब्दांसाठी आपल्यापैकी कुणाला चापट बसलेली नाही. ते आपण हॉलिवूडच्या सिनेमांतून, सहकाऱ्यांच्या तोंडून उचलले, तयार कपड्यासारखे. म्हणून मशीन बंद पडल्यावर ‘जीझस ख्राइस्ट!’ म्हणताना आपल्या बोटांना घाम येत नाही, आणि त्यावरून आपण समजतो की या शब्दाला धार नाही. धार आहे. ती आपल्या हाताला जाणवत नाही, एवढंच. कोकणातल्या कुठल्याही सुईणीपासून लॅबमधल्या टेक्निशियनपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, की बधिर बोटांनी पात्याची धार तपासू नये.

माझ्या ओळखीचा एक मराठी पोस्टडॉक आहे. त्याच्या बाकाशेजारी नायजेरियाहून आलेली एक संशोधिका बसायची; दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी. हा प्रत्येक बिघडलेल्या प्रयोगाला येशूला हाक मारायचा, आणि बिघडलेले प्रयोग आमच्या धंद्यात रोजचेच. दोन-तीन महिन्यांनी तिने त्याला शांतपणे विचारलं, ‘तुला एक सांगू? मी प्रत्येक वेळी मान वर करते. मला वाटतं तू प्रार्थना करतोयस.’ ती थट्टा होती, पण पूर्णपणे थट्टा नव्हती. त्याने मला हे सांगितलं तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं ते तिला लागलं याचं नाही. इतके महिने त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, याचं. आता तो मराठीत वैतागतो. त्याचे मराठी शब्द मी इथे लिहिणार नाही.

उलट दिशेनेही हेच घडतं, आणि तिथे कोरा अर्थ आपल्यापाशी असतो. ‘जगरनॉट’ हा इंग्रजीतला शब्द पुरीच्या जगन्नाथावरून आला. रथाच्या चाकांखाली भाविक स्वतःला झोकून देतात, अशी युरोपीय प्रवाशांनी तिखटमीठ लावून पसरवलेली वर्णनं त्याच्या मागे आहेत, म्हणून त्याचा अर्थ ‘समोर येईल ते चिरडत जाणारी ताकद’. मीटिंगमध्ये कुणी विक्रीच्या आकड्यांना ‘जगरनॉट’ म्हटलं तर बोलणाऱ्याला पुरी ठाऊकही नसते. ओडिया सहकाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र काय येत असेल? ‘सेक्रेड काऊ’, म्हणजे जिच्याबद्दल प्रश्न विचारायचा नाही अशी निरर्थक पवित्र गोष्ट, हा वाक्प्रचारही सरळ आपल्या गोठ्यातून गेला. गुरू, मंत्र, अवतार, कर्म यांचं तर विचारूच नका. माझं वैयक्तिक मत असं, की यातल्या बहुतेकांवर रागावण्यात अर्थ नाही, कारण आपणही ‘इमान’ आणि ‘तोबा’ असेच वापरून विटवले आहेत. पण ‘तुला राग यायला नको’ असं मी दुसऱ्या कुणाला सांगावं, असंही मला वाटत नाही.

एका शब्दाबाबत मात्र मी ठाम आहे. ‘परायाह’. वर्तमानपत्रांत एखाद्या वाळीत टाकलेल्या देशाला ‘परायाह स्टेट’ म्हणतात, ऑफिसात एकट्या पडलेल्या माणसाला ‘परायाह’ म्हणतात. हा शब्द तमिळनाडूतल्या परैयर या जातीच्या नावावरून आला. ‘परै’ हे ढोलासारखं वाद्य. ही जिवंत माणसांची जात आहे, तिच्या नावाचा ‘कोणी शिवू नये असा’ हा अर्थ इंग्रजीने जगभर नेला, आणि त्या जातीतली माणसं आज लंडन-सिंगापूरच्या ऑफिसांत आहेत. इथे ‘शब्द विटलाय’ म्हणणारा माणूस फक्त स्वतःच्या कानाबद्दल बोलतोय. आणि आपल्या मराठी गप्पांत? ‘चांडाळचौकडी’ आपण लाडाने म्हणतो. ‘माझ्या डेस्कला हात लावू नकोस, विटाळ होईल’ हा विनोद एका मराठी सहकाऱ्याने दुसऱ्याला करताना मी ऐकलाय. विनोद करणाऱ्याच्या घरी सोवळंओवळं दोन पिढ्यांपूर्वी संपलं होतं. ऐकणाऱ्याच्या आजीला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. एकच शब्द, एकाच्या लेखी जुन्या नाटकातला, दुसऱ्याच्या लेखी घरातला. सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीवर आधारलेल्या भेदभावाला कायद्याने मनाई केली, तेव्हा ‘इथे जात कुठे आहे?’ असं विचारणारे बरेच आपलेच लोक होते.

नमस्कारांचं याहून थोडं निराळं आहे. ‘राम राम’ आमच्या गावाच्या बाजारात सगळेच घालतात, मुसलमान बागवानसुद्धा. तिथे तो पुरता विटलेला आहे. ‘जय भीम’ अजिबात विटलेला नाही आणि विटावा अशी तो घालणाऱ्यांची इच्छाही नाही, कारण तो मुद्दाम निवडलेला, ओळख सांगणारा अभिवादनाचा शब्द आहे. परदेशातल्या मंडळात कुणी ‘जय भीम’ म्हटल्यावर उत्तरादाखल ‘नमस्कार’ पुटपुटून नजर वळवणारे लोक दिसतात. चुल्लवग्गातल्या गावकऱ्यांना नेमका कशाचा राग आला होता, ते अशा वेळी कळतं.

मग कायदा काय म्हणतो? परदेशातल्या नोकरीत हा प्रश्न कधी ना कधी मनात येतोच. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार धर्मावरून होणारा छळ बेकायदा आहे, पण तो छळ ठरायला ‘गंभीर किंवा सततचा’ असावा लागतो. एखाद्या ‘ओ माय गॉड’ने तो होत नाही. तिथला एक खटला मला आवडतो. इंडियानापोलिसमधल्या एका मालवाहतूक कंपनीतली कर्मचारी बोलणं किंवा ईमेल संपवताना ‘हॅव अ ब्लेस्ड डे’ म्हणायची. तो तिच्या श्रद्धेचा भाग होता. एका मोठ्या ग्राहक कंपनीच्या प्रतिनिधीने तक्रार केली. कंपनीने सांगितलं, सहकाऱ्यांशी बोलताना म्हण, ग्राहकांना नको. ती कोर्टात गेली आणि २००१ मध्ये अपील कोर्टाने ही तडजोड वाजवी ठरवली. शब्द तेच, त्यांचा अर्थही तोच. ते कोणाच्या दिशेने जातात यावरून फरक पडला.

ब्रिटनमधले दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २०१० मध्ये ‘द टाइम्स’च्या वृत्तकक्षात पोपविषयीच्या बातमीला उशीर होत होता. वैतागलेल्या संपादकाने, पोपच्या आधी इंग्रजीतलं सर्वांना ठाऊक असलेलं विशेषण लावून, बातमीचं काय झालं असं ओरडून विचारलं. तिथल्या एका कॅथलिक उपसंपादकाने धार्मिक छळाचा दावा लावला. तो अपिलातही फेटाळला गेला. वैतागलेला माणूस बातमीवर ओरडत होता, कॅथलिकांवर नाही, हे ऐकणाऱ्याला कळण्यासारखं होतं, असा त्याचा आशय. दुसरा निकाल २००९ चा. एका औषधचाचणी कंपनीतून भारतीय वंशाची कर्मचारी नोकरी सोडून चालली होती. वरिष्ठ तिला म्हणाला, पुढे कुठेतरी भेट होईलच, अर्थात तुझं भारतात लग्न लावून दिलं नाही तर. या वाक्यात देव नाही, धर्म नाही, शिवी तर नाहीच. पण हा वांशिक छळ ठरला आणि तिला १,००० पौंड भरपाई मिळाली.

पोपचं नाव शिवीसकट घेतलं ते चाललं आणि सभ्य भाषेतली लग्नाची मस्करी चालली नाही. मला यात विसंगती दिसत नाही. पहिलं वाक्य खोलीतल्या कुणाकडेही वळलेलं नव्हतं. दुसरं एका मुलीकडे बघून, ती कोण आहे आणि कुठून आली आहे ते धरून म्हटलं होतं. आखाती देशांत काम करणाऱ्यांना हा फरक वेगळा समजावून द्यायला नको. ‘इन्शाल्ला’ तिथे हिंदू, ख्रिस्ती, सगळेच म्हणतात. अरब ख्रिस्ती तर शतकानुशतकं म्हणत आले आहेत. कुणी भुवई उंचावत नाही. पण तोच शब्द काम कधीच वेळेवर न होण्याची टिंगल म्हणून, स्वर लांबवून, अरब सहकाऱ्यासमोर उच्चारला की खोलीतलं तापमान बदलतं.

आमच्या धंद्यातही हे शब्द कमी नाहीत. शोधनिबंधांत वर्षानुवर्षं लिहिलं जातं, की अमुक दिवशी उंदरांना ‘सॅक्रिफाइस’ केलं. ‘मारलं’ म्हणायचं टाळण्यासाठी यज्ञवेदीवरचा शब्द! मायकल लिंच या समाजशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये या शब्दावर अख्खा निबंध लिहिला, आणि अनेक नियतकालिकं हल्ली ‘यूथनाइझ’ असा साधा शब्द वापरायला सांगतात. फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनए ते प्रथिन या माहितीच्या प्रवाहाविषयीच्या आपल्या कल्पनेला १९५८ च्या निबंधात ‘सेंट्रल डॉग्मा’ म्हटलं. डॉग्मा म्हणजे श्रद्धावंताने शंका घ्यायची नाही अशी शिकवण. क्रिक यांना मात्र ‘भक्कम पुरावा नसलेली कल्पना’ असं काहीसं म्हणायचं होतं, जवळजवळ उलट. जाक मोनो यांनी त्यांना तो शब्द कळलेला नाही असं सांगितलं तोवर उशीर झाला होता. क्रिक धर्म न मानणारे होते. त्यांच्या कानाला ‘डॉग्मा’ विटलेला होता, मोनो यांच्या कानाला नव्हता.

आणि हिग्ज बोसॉन. लिऑन लेडरमन यांनी १९९३ च्या पुस्तकात त्याला ‘गॉड पार्टिकल’ म्हटलं. सापडत नाही म्हणून मला ‘गॉडडॅम पार्टिकल’ म्हणायचं होतं, प्रकाशकाने ऐकलं नाही, असं ते गमतीने सांगत. म्हणजे वैतागाचा शब्द काढला आणि देव तेवढा उरला. पीटर हिग्ज नास्तिक होते. तरी त्यांना हे नाव आवडायचं नाही, आणि त्यामागचं त्यांनी दिलेलं एक कारण असं, की यामुळे श्रद्धाळू लोक दुखावू शकतात. इंग्रजी वाचकाला निदान ‘गॉड’ हा शब्द जिथे तिथे विटलेल्या रूपात ऐकायची सवय असते. मराठी वर्तमानपत्रांनी ४ जुलै २०१२ च्या घोषणेनंतर त्याचं शब्दशः भाषांतर करून ‘देवकण’ छापलं. भाषांतरात विटलेला रंग परत येतो. मराठीत ‘देव’ हा शब्द उद्गारापुरता उरलेला नाही. तो घराच्या देव्हाऱ्यात असतो. गेली कितीतरी वर्षं गणपतीच्या कार्यक्रमांत कुणी ना कुणी काका मला बाजूला घेऊन विचारतात, की शास्त्रज्ञांना शेवटी देव सापडला म्हणे. मी भौतिकशास्त्रातली नाही, हे त्यांना चालतं. मी त्यांना सांगते, की सापडला तो एक कण आहे, त्याचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट आहे, आणि तो जन्मताच मोडून दुसऱ्या कणांत विरून जातो.